भिंतीपलीकडची झोप

भिंतीवर बोटानं दोनदा टकटक झाली, की मी डंक बंद करायचे. डंक म्हणजे मिरची-मसाला कांडायचं माझं यंत्र. पलीकडच्या खोलीत टॉवेलच्या कारखान्यातले एक विणकर राहायचे. एकटेच. रात्रपाळी करून दुपारी झोपायचे आणि कंबरदुखीनं बेजार असायचे.

"अक्का, जरा गाढ डोळा लागला की कंबर गप बसती बघा," म्हणायचे. मला हसू यायचं. कंबर काय रडकं पोर आहे, गप बसायला?

मी बंद करायचे हो. पण उन्हाळ्यात दारात मिरच्यांची पोती आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं. मग मी युक्ती काढली. भिंतीला कान लावायचा, घोरणं सुरू झालं की डंक चालू! झोपलेल्या माणसाला काय कळतंय?

खरंच, ते कधी उठून आले नाहीत. उलट एकदा चिंचेच्या भाताचा डबा घेऊन दारात. "तुमच्यामुळं झोप मिळती, अक्का. पण काय की, झोपून उठलो तरी लई दुखतंय."

मी डबा घेतला. खाल्लासुद्धा, निर्लज्जासारखा.

शेवटी त्यांना वाकवेना, तेव्हा मीच दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, झोपेच्या पायऱ्या असतात. अगदी खालच्या पायरीवर मेंदू दुखण्याचे निरोप फारसे आत घेत नाही. आवाजानं माणूस तिथून वर येतो, जाग न येतासुद्धा. रोज असं झालं की मज्जातंतू चिडतात, तेच दुखणं जास्त जाणवतं. दुपारी घरात आवाज असतो का?"

"छ्या, न्हाय की! ही आमची अक्का. माझ्यासाठी मशीन बंद ठेवती."

मी त्यांची पिशवी उचलली आणि दाराकडं वळले. तुम्ही म्हणाल, घरी येऊन तरी सांगायचं. नाही सांगितलं. लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून डंक खरोखर बंद ठेवला, पण महिन्याभरात त्यांना कारखान्यात मागासमोर उभंच राहवेना. काम सुटलं. लेक येऊन घेऊन गेली. निघताना त्यांनी भिंतीवर दोनदा टकटक केली आणि हसले. "आता चालवा की बिनघोर."

आता तिथं नोकरी करणारं जोडपं राहतं. "मावशी, दुपारी आम्ही घरी नसतो. खुशाल चालवा मशीन," म्हणतात.

मी नाही चालवत. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. दुपारी त्यांच्या झोपेच्या वेळेला मी भिंतीला कान लावून बसते. पलीकडं कुणी घोरत नाही.