शेषरावांचा गडवा

अकोल्याच्या एका कॉलेजात शेषराव इंगळे मैदानावरचे शिपाई होते. सत्तावन साली लागले. सकाळी मैदान झाडायचं, बास्केटबॉलच्या रेषांवर फक्की मारायची, बॉलात हवा भरायची, शिवण उसवली तर दाभण घेऊन बसायचं, आणि संध्याकाळी पोरं खेळायला आली की लिंबाखाली तिवईवर पाण्याचा माठ भरून ठेवायचा. माठावर पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, असे. तो घरचा होता, त्यांच्या बायकोच्या, इंदूबाईंच्या माहेरचा, तिवशाहून आलेला. कॉलेजनं टिनाचा डबा दिला होता, पण त्यातून कोणाला पाणी देणं शेषरावांना बरं वाटेना.

पहिली दोन वर्षं निम्मी पोरं त्या माठाचं पाणी पीत नव्हती. घरून बाटली आणत, नाहीतर तहान मारून खेळत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलून दाखवत नव्हतं. शेषराव आदल्याच वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, इंदूबाईंना घेऊन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. ते रोज माठ घासत, ताजं पाणी भरत, गडवा चिंचेनं लखलखीत करत आणि बाजूला उभे राहत. तिसऱ्या उन्हाळ्यात पोरं एकेक करून यायला लागली. तहानेनं आली की मनानं, हे शेषरावांनी कधी विचारलं नाही.

उभं राहून राहून त्यांना खेळ कळायला लागला. टीमचे प्रमुख वामनराव सर हे इतिहास शिकवणारे. कोणीतरी हवं म्हणून त्यांच्या गळ्यात टीम पडलेली. ते नियमांचं पुस्तक कोटाच्या खिशात ठेवत आणि मॅचच्या वेळी पोरांपेक्षा जास्त घामेजत. शेषरावांना पुस्तकातलं कळत नसे, पण डोळ्यांना दिसे ते विसरत नसत.

त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. मॅच संपत आली आणि आपण मागं असलो की पोरं मुद्दाम फाऊल करत. समोरच्याला धरलं, ढकललं की शिट्टी होते, घड्याळ थांबतं, त्याला दोन फ्री थ्रो मिळतात. ते त्यानं चुकवले तर बॉल आपल्याकडं यायची आशा. नाहीतर पुढं असलेली टीम बॉल नुसता इकडून तिकडं खेळवत वेळ काढते. इथवर ठीक होतं. पण एक वेळ अशी येते की समोरच्यानं सगळे थ्रो चुकवले तरी आपल्याला पुरेसे बास्केट करायला वेळच उरत नाही. त्याच्यापुढंही पोरं फाऊल करतच राहत, आणि मग खेळ जाऊन नुसती झोंबाझोंबी उरे. कोणाचा गुडघा फुटे, कोणाचा सदरा फाटे, आणि हारायचं ते हारतच. ती वेळ नेमकी कधी येते, ते शेषराव शोधत होते.

त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. टेबलावरचा माणूस शेवटची दोन मिनिटं नाहीतर शेवटचं मिनिट पुकारे, त्यानंतर काही सांगत नसे. मग शेषरावांनी आपलं माप काढलं. सकाळ-संध्याकाळ वंदनेत तिसरण म्हणायची सवय होती. 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून तीन ओळी शांतपणे म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच बॉल या टोकाचा त्या टोकाला जाऊन बास्केट होतो, हे त्यांनी कितीदा तरी ताडून पाहिलं. एक तिसरण, एक बास्केट, दोन पॉइंट. एका मिनिटात असे सहा बास्केट. सहा पॉइंट मागं असाल तर तीन तिसरणांचा वेळ हवा. तेवढा नसेल तर मॅच गेली, हात आवरा.

हे त्यांनी एकदा भीतभीत वामनराव सरांना सांगितलं. सर खुश झाले, कारण त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. पण शिपायानं मैदानात ओरडून सांगणं बरं दिसेना. तेव्हा असं ठरलं की वेळ सरली की शेषरावांनी माठावरचा गडवा पालथा घालायचा. पालथा गडवा दिसला की पोरांनी फाऊल बंद करायचे, राहिलेला खेळ नीट खेळायचा आणि हात मिळवून बाहेर यायचं.

एकोणसाठ साली घरच्याच मैदानावर मॅच होती. शेवटची दोन मिनिटं पुकारली तेव्हा अकोल्याची पोरं मागं होती. फाऊलवर फाऊल, शिट्टीवर शिट्टी. शेषराव ओठांतल्या ओठांत मोजत होते. सहा पॉइंट मागं असताना त्यांच्या हिशेबानं दोनच तिसरणांचा वेळ उरला, आणि त्यांनी गडवा पालथा घातला. पोरं थांबली. समोरची टीम बॉल खेळवत बसली. पण मॅच संपेचना. वेळ चाललाच होता. तशातही आपल्या पोरांनी बॉल हिसकून दोन बास्केट केले, आणि दोन पॉइंटनं मॅच गेली. अजून एका बास्केटाला कितीतरी वेळ होता, तो हात बांधून घालवला, हे शेंबड्या पोरालाही दिसलं.

कॅप्टननं माठापाशी येऊन गडवा सुलटा केला आणि म्हणाला, "शेषराव, तुमी पाणी पाजा. मॅच आमची आमी पाहू." त्यानंतर काही दिवस कोणी कोणाची चेष्टा करायची झाली की म्हणे, याचा गडवा पालथा झाला.

शेषरावांना त्या बोलण्याचं एवढं लागलं नाही, जेवढं चूक कुठं झाली ते न कळण्याचं लागलं. आठ-दहा दिवसांनी सकाळी ते वंदनेला बसले होते. चुलीवर दूध होतं आणि इंदूबाई शेण टाकायला बाहेर गेल्या होत्या. दूध वर आलेलं शेषरावांना दिसत होतं, पण ओळ अर्धी होती. ती पुरी केली, दुसरी म्हटली, तिसरी म्हटली, मग उठले. तोवर दूध चुलीत.

इंदूबाई आल्या, चुलीकडं पाहिलं. "दिसलं नवतं काय?"

"दिसलं. पण मधातच कसा उठू?"

"अवो, दूध उतू चाललं तर तथागत काय रागावतात का?"

शेषराव तिथंच बसून राहिले. शिट्टी झाली की घड्याळ थांबतं. पण त्यांनी सुरू केलेलं तिसरण थांबत नव्हतं. अर्ध्यात सोडणं त्यांच्या जिवाला पटत नव्हतं, म्हणून दर शिट्टीला घड्याळ उभं आणि त्यांचं मोजणं पुढं. दोन मिनिटांत सहा-सात शिट्ट्या. अर्धं-पाऊण मिनिट त्यांनी असंच जास्तीचं मोजून वाहू दिलं होतं.

त्या दिवसापासून तिसरण घरी राहिलं. मैदानासाठी त्यांनी साधे आकडे धरले, कारण आकडा कुठंही सोडता येतो. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन फलाटावरच्या मोठ्या घड्याळासमोर उभं राहायचं आणि एक ते साठ मोजायचं. एक हमाल त्यांना रोज विचारी, की कोणाची वाट पाहून राहिले? पुढं पुढं साठ आणि काटा एकदमच पोचायला लागले. पण गडवा मात्र त्यांनी पुन्हा पालथा घातला नाही. कोणी सांगितलंही नाही.

बासष्ट साली चंद्रभान कॅप्टन झाला. मूर्तिजापूरकडचा, काळ्या रानातला पोरगा, उंच आणि हट्टी. पहिल्या वर्षाला होता तेव्हापासून माठाशी रेंगाळायचा. त्यानं जुनी गोष्ट ऐकली होती. एक दिवस पाणी पिता पिता त्यानं विचारलं, की काका, ते मोजणं मले शिकवता का? शेषरावांनी शिकवलं, चूकही सांगितली. सगळं ऐकून चंद्रभान म्हणाला, "खेळताना माह्यानं मोजणं होत नाही. तुमीच गडवा घाला. आता कोणी हासणार नाही." शेषरावांनी हो म्हटलं. पण तेव्हापासून त्यांना एक भीती होती. पुन्हा चुकलो तर हा पोरगाही माठापाशी येऊन गडवा सुलटा करील. त्या वर्षभरात तशी वेळ आली नाही.

ती आली त्रेसष्टच्या जानेवारीत, अमरावतीला, कॉलेजांच्या फायनलला. मुरमाचं मैदान, सगळीकडं माणसं. शेषरावांनी माठ अकोल्याहून गाडीतून मांडीवर आणला होता. टेबलावर महादेवराव नावाचे बडनेऱ्याचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ घड्याळ घेऊन बसले होते. त्यांनी शेवटचं मिनिट पुकारलं तेव्हा अकोला दहा पॉइंटनं मागं होतं. पाच बास्केट, वेळ सहाचा. अजून जमण्यासारखं होतं.

अमरावतीचा खुशाल नावाचा एक काडीपैलवान पोरगा फ्री थ्रो चुकवत होता. अकोल्याच्या पोरांनी त्यालाच धरलं. शिट्टी. शेषराव आकड्यावर थांबले. खुशालनं दोन्ही चुकवले. चंद्रभाननं पळत जाऊन बास्केट केला. आठ मागं. पुन्हा खुशालला धरला. शिट्टी. शेषराव थांबले. या वेळी त्याचा एक आत गेला. नऊ मागं, म्हणजे पाच बास्केट. आकड्यानं वेळ उरला होता चारचा.

चंद्रभाननं माठाकडं पाहिलं.

शेषरावांचा हात गडव्यावर होता, पण उचलेना. आपण एखादी शिट्टी विसरलो असलो तर? त्यांनी मागचं सगळं पुन्हा मनात फिरवलं. तेवढ्यात अकोल्याचा बॉल रिंगला लागून परत गेला, खुशालच्या हातात पडला, आणि दोघांनी मिळून त्याला खाली ओढला. तो मुरमावर घासत गेला. उठला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालं होतं.

शेषरावांनी गडवा पालथा घातला.

वामनराव सरांनी टाइम-आउट मागितला. चंद्रभान धापा टाकत माठापाशी आला. मागून एकजण बोलला, की आता थांबायचं म्हणजे मारच खायचा. चंद्रभाननं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

"काका, पक्कं?"

"पक्कं हाये. आता जो फाऊल कराल तो रागानं होईल."

 चंद्रभाननं चौघांना जवळ घेऊन सांगितलं, की कोणी कोणाला हात लावायचा नाही. खुशालनं तसल्या हातानं दोन्ही थ्रो घातले. अमरावतीची माणसं ओरडली. राहिलेल्या वेळात अकोल्यानं एक बास्केट केला, आणि नऊ पॉइंटनं मॅच हारली.

हात मिळवून झाल्यावर शेषरावांनी गडवा सुलटा केला, भरला आणि खुशालकडं गेले. त्याला खाली बसवून कोपरातली माती हळूहळू धुतली. उरलेलं पाणी तो पोरगा तसंच गडव्यातून गटागटा प्यायला. तोवर महादेवराव घड्याळ खिशात घालत तिथं आले. ते म्हणाले, की मी टेबलावरून पाहून राहिलो होतो, गडवा पालथा झाला आन् तुमची पोरं थांबली. तुमी गडवा घातला तवा घड्याळात बत्तीस सेकंद होते, तुमी कायनं मोजता? शेषरावांच्या हिशेबातही बत्तीसच उरले होते. ते म्हणाले, तोंडानं.

संध्याकाळी परतीची गाडी धरली. मूर्तिजापूर आलं, तिथं चंद्रभानला घरी जायला उतरायचं होतं. पिशवी खांद्याला अडकवून तो शेषरावांजवळ थांबला. सगळ्यांसमोर नव्हे, वाकून, हळूच बोलला.

"या खेपेला मी पण मोजत होतो. खुशालचा एक आत गेला तवाच पाच पाह्यजे होते आन् वेळ चारचा होता. तवा काहून नाही घातला?"

शेषरावांनी मांडीवरचा माठ सावरला. "भेलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात त्या पोराचं कोपर गेलं."

 चंद्रभाननं माठावरचा गडवा घेतला, पाणी प्यायला आणि परत ठेवून उतरला.

घरी आल्यावर इंदूबाईंनी विचारलं, की काय झालं? शेषराव म्हणाले, हारलो. मग हातपाय धुऊन वंदनेला बसले. त्या दिवशी दुसऱ्या ओळीवर ते मधातच थांबले. कोपर धुतलेला तो पोरगा डोळ्यांसमोर आला होता. इंदूबाई वाट पाहत राहिल्या. थोड्या वेळानं शेषरावांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

त्यानंतर सहा वर्षं ते मैदानावर होते. गडवा वर्षातून दोनदा-तीनदा पालथा होई. उशीर पुन्हा झाला नाही.