धुराड्यामागचा पत्रा

सुताराला सगळे करवतकाका म्हणत, ते हत्यारामुळे नव्हे, जिभेमुळे. गावाबाहेरच्या शंभर वर्षं जुन्या घराचं छप्पर आणि बाहेरच्या भिंती नव्यानं मढवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. छपरावर कौलं लाकडाची आणि भिंतींवरही तीच: वीतभर रुंदीच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. काम खरं तर लेकीनं मिळवलं होतं, पण हे कुणी बोललेलं काकांना खपत नसे.

बुधवारी त्यांनी उत्तरेची भिंत पाहिली आणि त्यांचं माथं भडकलं. लेकीनं तीन दिवस खपून लावलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या, मध्ये नखभरही फट नव्हती. दिसायला सुरेख. पण भर उन्हाळ्यात लाकूड सुकलेलं असतं. पाणी प्यायलं की ते फुगतं, आणि जागा मिळाली नाही की शेजारच्या फळीला रेटत खिळ्यासकट उठतं.

"कोणत्या गाढवानं शिकवलं तुला हे? उतरव सगळं! माझे गुरू थोरले मिस्त्री, त्यांनी मला उभ्या जन्मात एक शब्द ऐकवला नाही. एक! आणि तू? तुझ्या हातात हातोडी दिली तिथंच चुकलं माझं."

खाली रंगारी होता, गवंडी होता, घराची मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पस्तिशीची, दोन मुलांची आई असलेली लेक शिडीवर चढली. तिनं भिंतीवरच्या फळ्या एकेक करून उतरवल्या. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाली, "सोमवारपासून मी फर्निचरच्या दुकानात जाणार आहे. शनिवारपर्यंत येईन. पुढं तुमचं तुम्ही बघा."

"जा की! अडलंय कुणाचं?"

अडलं होतं ते काकांचंच. गुडघे कामातून गेले होते, अर्धं छप्पर उघडं पडलं होतं आणि त्यांच्यामागे हा धंदा धरणारं दुसरं कुणी नव्हतं. हे कळत असूनही ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

शनिवारी ते कण्हत-कुंथत धुराड्यामागे चढले. चाळीस वर्षांपूर्वी हे छप्पर त्यांनीच घातलं होतं, थोरल्या मिस्त्रींच्या हाताखाली. धुराड्याच्या कडेनं पाणी झिरपू नये म्हणून तांब्याचा पत्रा असतोच, पण हा हातभर जास्तच रुंद होता. "म्हाताऱ्याला तांबं फुकट मिळालं होतं की काय!" म्हणत काकांनी तो उचकटला.

खाली फळ्यांच्या दोन ओळी होत्या. घट्ट बसवलेल्या, फुगून वाकलेल्या. खिळे सगळे एकाच बाजूला कललेले, डावखुऱ्या हाताचे. काका डावखुरे होते.

तेव्हा त्यांना आठवलं. त्या साली पावसाळा सरल्यावर थोरले मिस्त्री एकटेच वर चढले होते. "धुराड्याचं थोडं राहिलंय. तू खाली फळ्या तास," म्हणाले होते. काकांनी तासल्या; वर त्यांची चूक पत्र्याखाली गेली, आणि मिस्त्रींनी आपल्याला एक शब्द ऐकवला नाही हे त्यांनी पुढं जन्मभर मिरवलं.

लाज वाटायच्या आधी काकांना रागच आला, मेलेल्या माणसाचा. "जीभ झडली होती का तुमची? दोन थोबाडीत द्यायच्या होत्या!" ते पत्र्याशी भांडू लागले. पण थोबाडीत बसली असती तर आपण त्याच दिवशी काम सोडून गेलो असतो, आणि हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून राग आणखीच चढला.

"ए, वर ये!"

लेक आली. तिनं ओळी पाहिल्या, खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"कोणत्या गाढवानं केलंय हे?"

काकांनी खाली पाहिलं. रंगारी, गवंडी, मालकीणबाई, सगळे होते.

"मी," ते पुटपुटले.

"बुधवारी आवाज चांगला मोठा होता तुमचा."

"कार्टे, बापाची अब्रू काढतेस?"

"मी उतरते." तिनं शिडीवर पाय ठेवला.

काका धुराडं धरून उभे राहिले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "ऐका रे सगळे! पहिला गाढव मी! हिच्या आधी चाळीस वर्षं!"

खाली कुणीच हसलं नाही. लेक शिडीवरून परत वर आली. तिनं पिशवीतून हातोडी काढली.

"सरका," ती म्हणाली. "तुमचे खिळे काढायचेत."