भिवाआप्पांची आण

आमच्या कुरकुंभच्या कंपनीत गेटवरच्या केबिनचं दार भिवाआप्पांच्या पाळीत कधी बंद नसायचं. पाऊस आत येवो की वाऱ्याने कागद उडोत, आप्पा दाराला वीट लावून ठेवायचे. पाळी बदलली की दुसरा वॉचमन चिडून वीट काढायचा. आप्पा माजी सैनिक, मूळचे शिरूर तालुक्यातले धनगर. दौंडला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली होती आणि मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे बसचा प्रवासही बरोबर. बायको गेलेली, मुलगी सासरी. माझ्या हातच्या चहाला ते "औषध" म्हणायचे आणि तरी रोज प्यायचे.

एकदा स्टोअरमधून पितळेचे व्हॉल्व्ह गेले. मॅनेजरसाहेबांनी ठेक्यावरच्या एका बिहारी कामगाराला केबिनमध्ये नेलं, वीट लाथेने सरकवली आणि दार लावलं. दुपारी दार उघडलं तेव्हा तो रडत म्हणत होता, "हाँ साब, मैंने ही लिया." साहेबांनी गड जिंकल्यासारखं सगळीकडे पाहिलं.

आप्पा पुढे झाले. "साहेब, हे त्यो बोलला न्हाई. ही खोली बोलली."

"म्हणजे काय?"

"म्हंजी, मला हितं कोंडलं तर मी बी व्हय म्हणंन. तुमी बी म्हणाल. त्याला भाईर आणा, पोटभर जेवू द्या, आन् मग इचारा."

व्हॉल्व्ह पुढे जुन्या पंपाच्या खोक्यात सापडले. साहेबांनी काही माफी मागितली नाही; ते त्यांच्या शिक्षणात बसत नसावं. व्हॉल्व्ह सापडले त्या संध्याकाळी बसमध्ये मी विचारलं, "आप्पा, तो खोटं कबूल करतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं न्हाई, बाई. मी असंच कबूल केलंय, म्हणून म्हणलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची चौकी पडली. त्यांचा हवालदार रंगनाथ तळेगाव ढमढेऱ्याचा. त्याला गोळ्या लागल्या, त्याने आप्पांच्या मांडीवर जीव सोडला, आणि आप्पा पकडले गेले. कैदेत त्यांना झोपू देईनात. "मारलेलं सोसतंय, बाई. झोप न्हाई म्हंजी मानूस सोताचा ऱ्हात न्हाई." शेवटी त्यांना माईकसमोर बसवलं. नाव सांग, गाव सांग, आणि सांग की हवालदार आम्हाला टाकून पळाला. खरं वाटावं म्हणून तुझ्या देवाची शपथ घे, असंही सांगितलं. आप्पांनी जेजुरीच्या खंडोबाची आण घेतली आणि ते बोलले.

आपल्या कैद्यांची नावं कळावीत म्हणून तेव्हा घरोघरी शत्रूचा रेडिओ लावत. शिरूरकडे ते बोलणं अनेकांनी ऐकलं. दुसऱ्या कोणी त्यावर थुंकलं असतं. पण आमच्याकडे खंडोबाची आण खोटी असू शकते, हे कोणाच्या मनाला शिवतच नाही. कैदेत घेतली म्हणून काय झालं, आण ती आण! आप्पा सुटून आले आणि घसा फोडून सांगू लागले, हवालदार पळाले नाहीत, लढता लढता गेले. लोक म्हणाले, "मग उचल बेल-भंडारा, घे तशीच आण." आप्पांनी हात मागे घेतला. झालं, गावाचा निकाल लागला. आप्पांनी गाव सोडलं.

ते दरवर्षी तळेगावच्या बाजाराला जात. एकदा मीही गेले. हवालदाराची बायको सुभद्रावहिनी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. हवालदाराचं प्रेत कधी आलं नाही, सरकारदरबारी तो बेपत्ता होता.

"वैनी, म्या रेडिओवर खोटं बोललो. हवालदार माझ्या मांडीवर गेले."

"दर साली त्येच." तिने मान वर केली नाही. "तिकडं आण घिऊन बोलला, हिकडं नुसतंच बोलता. मी कंचं खरं धरू, भावजी? पळालं असतील तर कुठं तरी असतील की. लोक हसूद्यात."

परतताना माझा संताप झाला होता. तिच्यावर की आप्पांवर, कोण जाणे. म्हटलं, "एकदा भंडारा उचलून मोकळे का होत नाही?"

"ज्या तोंडानं खोटी आण घेतली, त्या तोंडानं खरी कशी घिऊ? आन् घेतली तर तिचं कुंकू जातंय."

"मग सांगता तरी कशाला?"

"हवालदार पळालं न्हाईत, हे कुनीतरी म्हणाया नगं का, बाई?"



नोकरी सुटल्यावर आप्पांना छातीचं दुखणं लागलं. अखेरच्या दिवसांत ते खोलीवरच पडून होते. कोणाकडून तरी कळलं म्हणून सुभद्रावहिनी दौंडला आली. मीच तिला आत नेलं. तिने पदराची गाठ सोडली आणि आप्पांच्या हातावर भंडारा ठेवला.

"आता तरी आण घ्या, भावजी. तुमी गेल्यावर मी कुनाला इचारू?"

आप्पांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग मूठ मिटली. "खंडोबाची आण, वैनी. मला काय दिसलं न्हाई. धूर लई हुता. गेलं असतील कुठं तरी."

मी तोंडात पदर कोंबला. सुभद्रावहिनीने त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली आणि बसून राहिली.

दोन-चार दिवसांत आप्पा गेले. दहाव्याला नदीवर आम्ही मोजकी माणसं होतो. सुभद्रावहिनी आली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. कपाळ मोकळं होतं.

"वहिनी, हे काय? आप्पांनी तर..."

"इतकी वर्सं त्यो मानूस एकच बोलत आला," ती म्हणाली. "मी बाजारातनं माघारी लावलं, लोकांनी शिव्या घातल्या, तरी बदलला न्हाई. आन् मरताना बदलला. माझ्याकडं बघून बदलला. तवाच कळलं मला, माझं मालक तिथंच गेलं."

मग तिने भटजींना दोन पिंड ठेवायला सांगितले.