फळ्यावरची नावं

माझ्या आधी आत गेलेली मुलगी बाहेर आली, तीच रडत. झालं, आता माझी पाळी.

परदेशातल्या एका हॉस्पिटलनं मला नर्स म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले तरच. एकदा मी आपटले होते. या खेपेला आपटले असते, तर त्यांनी दुसरी नर्स बघितली असती. सकाळी नामपूरहून आईचा फोन आला. "त्यामा घाबरानं काय शे?" म्हणाली. त्यात घाबरायचं काय, असं म्हणायला तिला काय जातंय! घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी, अशी माझी तऱ्हा.

आतल्या परीक्षक बाई माझ्याकडे बघून हसल्या, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. टेबलावरचा रेकॉर्डर सुरू झाला आणि प्रश्न आला, चांगल्या लीडरच्या अंगी कोणते गुण हवेत?

इंदिरानगरच्या क्लासमध्ये सरांनी याचं उत्तर आमच्याकडून घोटून घेतलं होतं. व्हिजन, कॉन्फिडन्स, डिसिजन मेकिंग. मी धडाधड सुरू झाले. "अ लीडर इज फिअरलेस," म्हणताना माझा आवाज कापत होता. बाईंनी हात वर केला. आम्ही सगळ्या त्याच क्लासच्या. सकाळपासून त्यांनी हेच ऐकलं असणार. पाठ केलेलं नको, त्या इंग्रजीत म्हणाल्या, तुम्ही स्वतः कधी लीडर होतात का?

आठवलं ते एवढंच, की सातवीत मी मॉनिटर होते. वर्गशिक्षिका बाहेर गेल्या की मी खडू घेऊन उभी राहायचे आणि जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचे. माझ्या वर्गात चिटपाखरूही बोलत नसे. हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. बोलण्याच्या परीक्षेत मी दुसऱ्यांची तोंडं बंद करण्याची फुशारकी मारत होते!

"मुलांना तुमची भीती वाटायची?" बाईंनी विचारलं.

"हो. मला आता तुमची वाटतेय तशी."

बोलून गेले खरी, आणि वाटलं, संपलं. पण त्या थांबून ऐकत होत्या, म्हणून मी वॉर्डातलं सांगितलं. डॉक्टर राउंडला आले की आम्ही नर्सेस अशाच चिडीचूप. एकदा केसपेपरवर डोस चुकीचा लिहिलेला दिसला. मोठे डॉक्टर, सगळ्यांसमोर कसं बोलायचं? तरी बोलले. "माय व्हॉइस वॉज शेकिंग, मॅडम. लाइक नाऊ. बट आय सेड इट."

बाईंनी "थँक यू" म्हणत रेकॉर्डर बंद केला.

निकालात हवे तेवढे गुण मिळाले. ते आकडे बघितले आणि नवीच भीती सुरू झाली. आता खरंच जायचं होतं.