नारायणमामांची सकाळची हाक

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. मामांच्या गल्लीतला वासुदेव मोताळ्याच्या एस.टी.नं बुलढाण्याला आला, वर्गाच्या दाराशी चपला काढून उभा राहिला, आणि सांगायचं ते सोडून भलतंच सांगू लागला. "बाई, आज सकाळी गंगामायले हाक आली नाही. तिनं लय वाट पाह्यली, मंग ती स्वताच ओट्यावर गेली..." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या आजोळी ज्यानं एक रात्र काढली असेल त्याला ती हाक ठाऊक आहे. उजाडता उजाडता नारायणमामा ओट्यावर उठून बसत, खाकरत, आणि समोरच्या घराकडे तोंड करून ओरडत, "गंगे, हायेस काय वं?" समोरून, कधी चुलीपुढून तर कधी गोठ्यातून, उत्तर येई, "हाव, हाये." बस्स. मग दिवसभर दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

लहानपणी आम्ही भाच्यांनी या हाकेची यथेच्छ टवाळी केली. मामा होतेच तसे, टवाळी करावी आणि लांब पळावं असे. मोताळ्याच्या बाजारात स्वतःच्या मळ्यातली वांगी घेऊन बसत आणि गिऱ्हाइकानं वांगं अंगठ्यानं दाबलं की त्याच्या हातातून काढून घेत. "दाबून काय पाह्यतं बे? वांगं हाये ते, आंबा नाही." इतका जीव त्या मळ्यावर, पण दिवस कलला की मामा घराकडे निघालेच. सारा गाव रानडुकरांच्या राखणीला शेतात निजायचा, मामा एक रात्र मळ्यात राहिले नाहीत. डुकरांनी भुईमूग उकरून खाल्ला तरी नाही. आणखी एक खोड म्हणजे, दोन घरची माणसं एका खोलीत निजलेली त्यांना खपत नसत. माझ्या लग्नात जानोशाच्या घरी जाऊन त्यांनी वऱ्हाड्यांच्या सतरंज्या ओढून लांब लांब टाकल्या. माझ्या सासऱ्यांना तो अपमान वाटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं कुठून आलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरची गोष्ट. गावात तापाची साथ आली होती, साधीच, दोन-चार दिवसांत उतरणारी. तरी कुणीतरी बोललं की पूर्वीसारखं मळ्यात राहायला जाऊ. ते ऐकून मामा काठी घेऊन पारावर गेले आणि असे काही कडाडले की तो विषय तिथंच मिटला. मग ते घरी आले. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. तेही समोर बसले, शेंगा सोलू लागले आणि आपणहून बोलू लागले.

प्लेगच्या दिवसांत माझ्या आजोबांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, गाव वाचवलं होतं. घरात उंदीर मरून पडायला लागले की आजोबा दवंडी पिटवत, आणि सारा गाव घरं सोडून आमच्या मळ्यात झोपड्या घालून राही. आजूबाजूच्या गावांत माणसं पटापट गेली, आमचं गाव मात्र राहिलं. पुढे आजोबा वारले, आणि मग तो दुसरा ताप आला. मुलखात त्याला मानमोडी म्हणत, कारण आजाऱ्याला मान वर धरवत नसे. घाबरलेली माणसं मामांकडे आली. मामा तेव्हा ऐन पंचविशीत, नुकतं लग्न झालेलं, वडिलांच्या नावाचा फेटा डोक्यावर. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, चला मळ्यात. गंगामायचा नवरा किसन तेवढा म्हणाला, "पण नारायण, उंदीर तं पडले नाहीत." मामा म्हणाले, "पडेपर्यंत थांबाचं काय?"

त्या साली पाऊस नव्हता. ज्वारी उभी करपली होती, त्यामुळे झोपड्या शाकारायला कडबा मिळेना. मग दोन-दोन, तीन-तीन घरची माणसं एकेका झोपडीत दाटीवाटीनं राहिली. प्लेग घरात उंदरापाशी राहायचा, घर सोडलं की तो मागं सुटायचा. हा ताप माणसाबरोबर चालत मळ्यात आला. एक खोकला की सगळी झोपडी खोकायची, आणि वरून उघड्यावरची थंडी. थोड्याच दिवसांत पाणी पाजायला उठेल असं माणूस राहिलं नाही. झोपडीत शिरायची कुणाची छाती होईना. सकाळी मामा एकेका झोपडीबाहेर उभे राहून नाव घेऊन हाक मारत, "हायेस काय?" आतून ओ आली तर दारात पाणी ठेवायचं, नाही आली तर...

मामी तिथंच गेली. किसन गेला, त्याचा लहानगाही गेला. ताप ओसरल्यावर उरलेली माणसं गावाकडे परतली तेव्हा वेशीतच त्यांना तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. आत्माराम शिंप्याची बायको दिवस भरलेली म्हणून ते घर तेवढं मळ्यात गेलं नव्हतं. दार लावून आत बसलं होतं. त्या घरातलं कुणीही दगावलं नाही. "ते रडणं आयकलं न् मले समजलं," मामा म्हणाले. त्यांनी पुढची शेंग उचलली.

मी मास्तरीण, मला गप्प बसवलं नाही. म्हटलं, मामा, तो ताप साऱ्या जगात होता, मुंबईत दवाखाने असूनसुद्धा माणसं गेली, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. त्यांनी शेंग खाली ठेवली. "जगाचं मले काऊन सांगून राह्यली? जगाले म्या मळ्यात नोतं नेलं. गावाले नेलं." मग समोरच्या दाराकडे बघत म्हणाले, "गंगेनं एकडाव शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. ते बोलतच नाही. तिच्या मनात काय हाये, तेवढं समजून मराचं होतं."

ते समजलं नाहीच. तेरावं झाल्यावर न राहवून मी गंगामायकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. आडवळणानं विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं. "गंगामाय, मामांनी मळ्यात नेलं नसतं तर तुझी माणसं जगली असती का गं?"

"हाव," ती म्हणाली, सुपावरून नजर न काढता. "जगले असते. आमचे हे म्हनतच होते."

"मग तू त्यांना कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? राग होता. आजबी हाये. पन पोरी, मी त्या झोपडीत पडेल होती. एका बाजूले हे, एका बाजूले लेकरू, दोघंबी थंडगार. मले उठाचंच नोतं. बाहीरून त्याची हाक आली, अन् तोंडातून हाव निंघून गेलं." तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला. "जगले असते, असं म्या त्याले सांगतलं असतं तं तो मेला असता. अन् त्याचा दोष नाही, असं सांगतलं असतं तं माह्ये दोघं जाब इचारत मले दिसले असते. मंग हाव म्हनत राह्यली."

आजही नीट कळत नाही की ती जन्मभर त्यांना शिक्षा देत होती की सांभाळत होती. मामांना हे कळलं असतं तर ते सुटले असते का, हेही नाही. याचा त्रास होतो, आणि होत राहील.

दुसऱ्या दिवशी मला बुलढाण्याची गाडी धरायची होती. उजाडायला मी मामांच्या घराची कडी काढून ओट्यावर आले. त्यांची घोंगडी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती. समोरच्या दारात गंगामाय बादली घेऊन उभी होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत जरा वेळ थांबली, कुणी काही विचारतंय का याची वाट बघावी तशी. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाली, "हाव, हाये," आणि पाण्याला गेली.