खिळ्यावरचं घड्याळ

परभणीच्या त्या दुकानात मी घड्याळ घ्यायला गेलेच नव्हते. दुरुस्तीला गेले होते. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चावी द्यायचं जुनं घड्याळ त्यांच्या पेटीत धोतराच्या घडीत सापडलं होतं. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. घड्याळ मात्र चाळीस वर्षांपूर्वीच बिघडलेलं, आणि का बिघडलं हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं, पाठीमागचं झाकण उघडलं आणि नुसतं "च्च" केलं.

"मॅडम, पाणी गेलंय की हो यात. आजकालचं न्हाई, लय जुनं. सगळं गंजून गेलंय. ठेवा आठवण म्हणून."

आठवण ठेवायला मला घड्याळ कशाला लागतंय! पण ते त्याला काय सांगणार? मी घड्याळ परत रुमालात बांधलं आणि उठता उठता काचेखाली दुसरं एक दिसलं. काळं, जाडजूड, रबरी पट्ट्याचं, आणि काचेभोवती आकडे कोरलेलं गोल कडं.

"हे काय?"

"ते पाणबुड्यांचं घड्याळ. दोनशे मीटर खोल पाण्यात चालतंय. पण मॅडम, जेन्ट्स हाय ते."

"माझं मनगट काय जेन्ट्स-लेडीज विचारून वाढलंय का? काढा बाहेर."

तो हसला. मग त्यानं आवडीनं दाखवलं. चावी ओढून वेळ लावायची आणि नंतर बाटलीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसवायची, म्हणजे पाणी शिरत नाही. कड्यावर एक तिकोनी खूण आहे. ती मिनिटकाट्यासमोर आणून ठेवली की किती वेळ गेला ते कड्यावरच वाचता येतं. पाणबुडे म्हणे पाण्यात उतरताना तसं लावतात, किती वेळ खाली राहिलो ते कळावं म्हणून. महाग असेल म्हणून मी दबकतच भाव विचारला, तर या जातीच्या घड्याळांत हे स्वस्तातलं निघालं. एका बऱ्या साडीत आलं असतं. ती साडी मी त्या दिवाळीला घेतली नाही.

आज ते घड्याळ माझ्या हातात नाही. पण महिनाभर मी ते उलटंपालटं करून वापरलं, तर कसं होतं ते सांगते. मी जिंतूरला शाळेत शिकवते. आता रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत, आणि इतक्या वर्षांत किमान सात घड्याळं माझ्या हातून गेली. भांडी, कपडे, फरशी, शाळेतलं पाणी. पहिले दोन दिवस हे जड वाटलं, मनगटावर वाटी बांधल्यासारखं. साडीच्या पदराला अडकायचं. शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाले, "बाई, कुठं बुडी मारायचा विचार हाय का?" मी म्हटलं, "तुमी तुमच्या वह्या तपासा आधी, दोन महिन्यांच्या राहिल्यात." पुन्हा कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवसापासून मात्र मला ते आवडायला लागलं. चष्मा नसला तरी आकडे दिसायचे. लाईट गेली की काटे हिरवे चमकायचे. आणि ते कडं! कुकर लावला की फिरव, डोळ्यात थेंब घालून पडून राहायचं असलं की फिरव, मुलांना गणितं घातली की फिरव. टक टक टक असा बारीक आवाज करत फिरायचं. माझ्या वर्गातल्या पोरी त्या आवाजालाच घाबरायच्या. खोट एकच. रबरी पट्ट्याखाली घाम साचून खाज सुटायची, ती शेवटपर्यंत गेली नाही.

आणि पाणी. बादलीत बुडवून ठेवलं, नळाखाली धरलं, पीठ मळताना काढलं नाही, एकदा तर हात बुडवून रात्रभर भिजलेलं अख्खं धुणं धुतलं. दरवेळी हात पुसायच्या आधी काचेकडं बघायची. आतून वाफ धरली का? एकदाही नाही. कोरडं ठणठणीत.

खरं सांगू का, हे सगळं मी दिवस ढकलायला करत होते. घड्याळ कसं आहे ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला गावी जायचं होतं, काकांना एक गोष्ट सांगायची होती, आणि माझी छाती होत नव्हती.

आमचं गाव वालूरच्या पुढं. दादा आणि काका सख्खे भाऊ, दादा थोरले. रानं वाटून घेतली, विहीर एकच राहिली. विहिरीवर एक मोटार, तिच्याशेजारी हौद, हौदाला दोन तोंडं. एका तोंडातून दंडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, पाणी आमच्या रानात, दुसऱ्यातून काकांच्या. लाईट असेल तेवढा वेळ निम्मी निम्मी पाळी. पाळी मोजायला दादांचं घड्याळ. मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या वर एक खिळा होता, त्याला ते टांगलेलं असायचं. दोघांचे हात चिखलात, मनगटावर कोण बांधणार? आणि खिळ्यावर असलं की दोघांनाही दिसतंय. "खिळ्यावरचं तेच खरं," असं दादा म्हणायचे, आणि काकाही तेच म्हणायचे.

पाळी संपली की संपवणारानं लोखंडी पाना घेऊन मोटारीच्या पाइपावर दोनदा वाजवायचं. ठण, ठण. दुसऱ्यानं रानातून यायचं, पाना घ्यायचा आणि एकदा वाजवायचं. म्हणजे घेतली पाळी. त्या एका ठणकाऱ्याशिवाय पहिला माणूस विहिरीवरून हलायचा नाही.

मी तेव्हा अकरा वर्षांची. एका दुपारी दादा बाभळीखाली पडले होते, आई जेवणाची भांडी घासायला सांगून गेली, आणि मी भांडी सोडून मास्तरीणबाई मास्तरीणबाई खेळत होते. मास्तरीणबाईच्या हातात घड्याळ नको का? खिळ्यावरचं काढलं, मनगटात फिरायला लागलं म्हणून कोपराच्या वर चढवलं, आणि दगडांना पाढे विचारले. मग भांड्यांची आठवण झाली. घाईघाईत पळी हौदात पडली, मी खांद्यापर्यंत हात घातला आणि पळी काढली. हात बाहेर आला तेव्हा काचेच्या आत वाफ धरलेली होती.

घड्याळ झग्याला पुसलं, फुंकर मारली, खोलीच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं. वाफ गेली. कानाला लावलं तर चालत होतं. खिळ्याला टांगून मी मोकळी झाले. वाटलं, सुटले बाबा! पण ते घड्याळ तेव्हापासून मधेच थांबायचं आणि कुणी स्टार्टर दाबला की हादऱ्यानं पुन्हा चालू व्हायचं. हे मी नंतर, पुष्कळ नंतर, दोन नि दोन जोडून ओळखलं. तेव्हा कुणालाच कळलं नाही.

आठेक दिवसांनी काका आपली पाळी घ्यायला बांधावर येऊन बसले होते. खांद्याला रेडिओ. रेडिओवर बातम्या लागल्या, आणि खिळ्यावरच्या घड्याळात बातम्यांना अजून पाऊण घंटा बाकी. त्यांनी खोलीत डोकावून बघितलं, बाहेर आले आणि चार माणसांत म्हणाले, "भाऊ, काटा मागं सारायलास का रे?"

दादांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले असते तर बरं झालं असतं. आत गेले, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "उद्यापासून माझ्या पाळीतला अर्धा घंटा तुझा. मी हाय तवर बी, आन मी गेल्यावर बी."

काकांनी तो घेतला. दोघंही एका विहिरीचं पाणी प्यालेले, अभिमानाला कोण कमी? गाव काय म्हणालं असेल ते सांगायला नको. चोरला होता म्हणूनच दिला ना, असं आमच्या तोंडावर म्हणणारे होते. दादांनी पुन्हा कधी घड्याळ वापरलं नाही. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात एक आणलं, तर म्हणाले, "मला येळ कळतो माय. तूच घाल."

आणि मी गप्प. आधी माराच्या भीतीनं. मग भांडण एवढं मोठं झालं, की त्यात माझी एवढीशी गोष्ट कुठून घुसवायची तेच कळेना. दोघं भाऊ पुन्हा बोलले नाहीत. माझ्या लग्नात काका आले, अक्षता टाकल्या, जेवले, दादांकडं न बघता गेले. दादांना खांदा दिला तेव्हाही त्यांचं तोंड उघडलं नाही. एवढ्या वर्षांत दोघांत बोलणं उरलं ते पाइपावरचं. दोनदा, आणि एकदा. आता आमच्याकडचं रान माझा भाऊ बघतो, पाळी मोबाईलवर चालते, पण काकांना अर्धा घंटा जादा हे तसंच चालू आहे. का, ते नव्या पोरांना माहीतही नाही. रीत म्हणतात.

शेवटी मी गेले. भाऊ सोनपेठच्या बाजाराला गेलेला. काका ऐंशीच्या पुढचे, पण घरच्यांचं न ऐकता आपल्या पाळीला विहिरीवर येऊन बसतातच. मोटार चालू होती, हौद भरलेला, त्यांच्या हरभऱ्याला पाणी चाललेलं.

"ये बाई," काका म्हणाले. "लय दिसांनी. च्या घेतलास का?"

इकडचं तिकडचं बोललो. मग मी उठले, हौदापाशी गेले आणि घड्याळासकट हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

"आगं आगं! घड्याळ भिजलं की!" काका काठी टेकत उठले.

मी हात काढून त्यांच्यापुढं धरला. "बघा काका. काही होत नाही याला. दादांच्याला झालं होतं."

"कवा?"

"रेडिओच्या आधी. मी घातलं होतं काका, खेळताना. याच हौदात भिजवलं. मग ते थांबायचं न् परत चालायचं. दादांनी काटा मागं सारला नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं."

मला वाटलं, आता काठी बसतीय. बसली असती तर बरंच वाटलं असतं.

"आन आज सांगायलीस?" ते म्हणाले. "चाळीस वर्सांनी? त्यो गेल्यावर?"

मी रडत होते आणि चुकलं, चुकलं म्हणत होते. रुमालातून दादांचं घड्याळ काढून दाखवलं. काकांनी ते कानाला लावलं. बंद घड्याळ, पण कितीतरी वेळ कानाला लावून उभे होते.

"मी इचारलं तरी असतं," ते स्वतःशीच म्हणाले. "घड्याळ बिगडलं का रे भाऊ, असं. तेवढं इचारायला काय जात व्हतं माझं?"

मग त्यांनी हात पुढं केला. "दे ते तुजं. त्यात अर्धा घंटा कसा लावायचा?"

मी कडं फिरवून तिकोनी खूण मिनिटकाट्यासमोर आणून दिली. ते खोलीत गेले. खिळा अजून होता, गंजलेला. त्यावर त्यांनी घड्याळ टांगलं, दोन पावलं मागं येऊन दिसतंय का बघितलं. मग फावडं घेतलं. मी घ्यायला गेले तर हात झटकला. ऐंशीच्या पुढच्या त्या माणसानं हौदाच्या आपल्या बाजूच्या तोंडाला चिखलाचा बांध घातला आणि आमच्या बाजूचं फोडलं. पाणी दादांच्या गव्हाकडं वळलं.

"अर्धाच घंटा हाय," ते म्हणाले. "बाकीचा कुठून आणू?"

पाना तिथंच पडलेला होता. काकांनी तो उचलला आणि पाइपावर दोनदा वाजवला. ठण, ठण. आणि सवयीनं दादांच्या रानाकडं तोंड करून उभे राहिले, वाट बघत. गव्हात कुणीच नव्हतं. तरी ते हलेनात.

मी त्यांच्या हातातून पाना घेतला आणि एकदा वाजवला.

"घेतली," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. "घेतली भावानं पाळी."