राजापर्यंत पोचायचं कसं?

चष्मा काढायचा, मिटून हातात धरायचा आणि समोरच्याला शांतपणे विचारायचं, "ते ठीक आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?"

कुठल्याही राजाचं नाव निघालं की सरांचं हे ठरलेलं. तुम्ही मॉस्कोचा झार म्हणा, इस्तंबूलचा सुलतान म्हणा, इस्फहानचा शहा म्हणा, नाहीतर आग्र्याचा बादशहा म्हणा. त्याने किती मुलूख जिंकला याच्याशी सरांना काही देणंघेणं नसे. एखाद्या गरिबाचं वासरू कुणी दांडगाईने ओढून नेलं, तर त्याने कुठल्या दारात जायचं, कुणाला भेटायचं आणि तिथे तोंडातून पहिला शब्द कुठला काढायचा, एवढंच त्यांना हवं असे. अख्खं आयुष्य त्यांनी यात घातलं होतं. इथे सिंगापूरच्या एका विद्यापीठात ते संशोधक होते आणि टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये बरोबर माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहत होते.

ओळख झाली ती भांडणातून. म्हणजे मी भांडायच्या तयारीत होते. आमच्याकडे कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालतात. माझी धुतलेली चादर खाली उन्हात टाकलेल्या त्यांच्या गोधडीवर ठिबकत होती. बेल वाजली. दारात एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे. नेमप्लेट वाचून ते मराठीत म्हणाले, "ताई, फिर्याद घेऊन आलोय. आरोपी तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्हीच, त्यामुळे मला फारशी आशा नाही." मी पुण्याची. माझ्याकडे उत्तर तयार असतं.  पण त्या दिवशी मी चादर आत घेतली आणि त्यांना चहा विचारला.

गोधडी त्यांच्या आईने शिवलेली होती. आई नागपूरच्या पलीकडे एका खेड्यात एकटी राहायची. वडील लवकर गेले, हिने मजुरी करून मुलाला शिकवलं. मुलगा रशियन शिकला, फारसी शिकला, जुनी तुर्की शिकला. आपला मुलगा करतो काय, हे मात्र आईला कधी नीट कळलं नाही. "तो तिकडं राजाचे अर्ज वाचते," असं ती गावात सांगायची. गावाने त्याचा सरळ अर्थ घेतला. सिंगापूर नावाच्या देशात एक राजा आहे, त्याच्याकडे लोकांचे अर्ज येतात आणि ते वाचून निकाल लावायला आपला पोरगा बसलेला आहे. मग काय विचारता. गावाचा हातपंप बंद पडला की फोन सरांना. कुणाच्या शेतातली वाट अडवली की फोन सरांना. एकदा माझ्यासमोर त्यांनी एका आजोबांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "काका, मी वाचतो ते खरं आहे. पण ते अर्जदार कधीच मेले, आणि ते राजेही."

मी हसले. तेही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "ताई, अर्ध्या जगाला मी इंग्रजीत भाषणं दिली. आईला एकदाही सांगितलं नाही. सांगायला शब्दच नव्हते. आता तिचा डावा कान गेलाय आणि उजवाही चाललाय. उशीर झाला तर राहूनच जाईल."

आई पहिल्यांदाच सिंगापूरला येणार होती. ती इथे असतानाच आपल्या मराठी मंडळींपुढे मराठीत बोलायचं आणि आईला पहिल्या रांगेत बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. तालमीसाठी श्रोता म्हणून मला पकडलं. रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या कोपितियाममध्ये, म्हणजे इथल्या साध्या उपाहारगृहात, कोपीचे म्हणजे कॉफीचे कप घेऊन आम्ही बसायचो.

पहिल्या रविवारी त्यांनी सुरुवात केली, "प्रारंभिक आधुनिक कालखंडातील राज्यसंस्था, धर्मसंस्था आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचा..." मी हात वर केला. म्हटलं, "सर, हे आईंना?" त्यांनी कागद मिटला. मग ते तसंच, कागदाशिवाय बोलायला लागले आणि माझी कोपी गार झाली.

रशियात अर्जाला जो शब्द होता, त्याचा मूळ अर्थच कपाळ जमिनीला लावणं. अर्ज करणारा सरदार असेल तर त्याने स्वतःला 'तुझा गुलाम' म्हणवून घ्यायचं, शेतकरी असेल तर 'तुझं अनाथ लेकरू', आणि धर्माचा माणूस असेल तर 'तुझ्यासाठी देवाकडे मागणारा'. "राज्य, धर्म, समाज, सगळं त्या एका ओळीत आलं ना ताई?" ते म्हणाले. इस्तंबूलमध्ये सुलतानाची स्वारी जाताना गर्दीतला पिचलेला माणूस डोक्यावर पेटती चटई धरायचा, म्हणजे धुराकडे तरी त्याची नजर जाईल. इराणात फिर्यादी अंगात कागदाचा सदरा घालून यायचा. पुढे रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे मुसलमान आपल्या मशिदीतली भांडणं घेऊन ख्रिस्ती सम्राज्ञीच्या अधिकाऱ्यांकडे जायचे, आणि तुर्कांच्या राज्यातल्या ख्रिस्ती विधवा आपला पाद्री सोडून काझीच्या दारात जायच्या. "माणूस आधी देव बघत नाही ताई. कुठलं दार उघडेल ते बघतो."

मी थक्क होऊन ऐकत होते. आजूबाजूला लोक नूडल्स खात होते आणि माझ्यासमोर तीन साम्राज्यांतली सगळी अडलेली माणसं एका टेबलाशी येऊन उभी होती. शाळेत मला सनावळ्यांचा इतका कंटाळा होता, आणि इतिहास म्हणजे हे असतं हे कुणी मला सांगितलंच नव्हतं.

मग ते एका जागी अडखळले. "रशियन माणूस अर्जात स्वतःचं पूर्ण नावही लिहीत नसे. इवान असला तर इवाश्का लिहायचा. म्हणजे आपल्याकडे गणपत नाही, गणप्या." त्यांनी कप बाजूला सरकवला. "माझ्या आजोबांना अख्ख्या गावात पूर्ण नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. मॉस्कोच्या कागदांत मी पहिल्यांदा इवाश्का वाचलं तेव्हा उठून बाहेर गेलो होतो."  

शब्दांचं कोडं मात्र एका रविवारी अचानक सुटलं. आईला कळेल असे शब्द ते शोधत होते आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणून बघत होते. अर्ज, फिर्याद, दाद, हुकूम, वकील. मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "हे शोधतोय कशाला मी? हे सगळे शब्द त्याच दरबारांतून आलेत. फिर्याद म्हणजे फारसीत आरोळी, दाद म्हणजे न्याय. माझी आई जन्मभर इस्फहानची भाषा बोलतेय आणि मी तिच्यासाठी भाषांतर करतोय." शेजारच्या स्टॉलवरची मलय मावशी कप उचलायला आली होती. सरांनी तिला विचारलं, तुमच्या भाषेत कायद्याला काय म्हणता? इथल्या पद्धतीने शेवटी 'लाह' जोडून ती म्हणाली, "हुकूम, लाह." आणि दुसऱ्याच्या वतीने बोलतो त्याला? "वकील." सर लहान मुलासारखे हसले. मावशीला वाटलं, हा मनुष्य मलय शिकतोय. तिने त्यांना आणखी चार शब्द शिकवले.

आई आल्या. बुटक्या, काटक, पांढरं पातळ, कानात नवं यंत्र. त्या यंत्रावर त्यांचा भारी राग. "माशी घुसल्यावानी वाटते," म्हणायच्या. मला पहिल्याच भेटीत विचारलं, "पोरी, तुमच्या राजाचा वाडा कोणत्या अंगाले हाय?" मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

भाषणाचा दिवस उजाडला. कम्युनिटी क्लबची छोटी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुण्यामुंबईची आमची नेहमीची मंडळी, आणि पहिल्या रांगेत आई. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बाहीचं एकच बटण ते पुन्हा पुन्हा काढत-लावत होते. परदेशातल्या मोठमोठ्या सभांमध्ये बोललेला हा माणूस. त्यांनी माइक हातात घेतला मात्र, आईच्या कानातलं यंत्र कर्कश शिट्टी मारायला लागलं. आईंनी ते उपटून पदरात बांधलं. सर पुन्हा बोलायला लागले. दोनच वाक्यं झाली असतील, तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "काईच ऐकू नाई येऊन राहिलं रे."

 मला वाटलं, संपलं. इतक्या रविवारांची मेहनत आणि या माणसाच्या मनातली एकच इच्छा, दोन्ही गेलं.

सरांनी माइक टेबलावर ठेवला. खाली आले, आईच्या उजव्या बाजूला फरशीवर मांडी घालून बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने सांगायला लागले, "माय, लय जुनी गोष्ट हाय. बर्फाच्या मुलखात एक बाई होती. नवरा मेला होता. तिची गाय मालकाच्या माणसानं नेली."

"मंग?" आई म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी न सांगता खुर्च्या सरकवल्या आणि त्या दोघांभोवती दाटीवाटीने बसलो. ती बाई बर्फातून मॉस्कोला चालत गेली. मंग? तिने लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला. त्यात स्वतःला अनाथ लेकरू म्हटलं. इथे आईंना हसू आलं. "एवढी बाई, आन् सोताले लेकरू म्हणे?" सरही हसले. मंग? मंग ती राजवाड्याच्या ओट्याशी उभी राहिली. रोज उभी राहायची. आत जाणाऱ्या प्रत्येक सरदाराच्या पाया पडायची.

आई एकदम म्हणाल्या, "मी बी उभी होती. तुह्या शाळेच्या दाखल्यासाठी, तालुक्याले. पाय सुजले. सायबानं वर बी पाहिलं नाई."

सरांना हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.  आईंनीच त्यांच्या खांद्यावर बोटाने टोचलं. "मंग? त्या बाईचं ऐकलं का राजानं?"

सरांनी चष्मा काढला. मिटून हातात धरला. "माहीत नाई, माय. अर्ज सापडला, निकाल नाई सापडला. पुष्कळ लोकायचे निकाल सापडतच नाई."

"म्हंजे राजानं नसंन ऐकलं."

"नसंन."

आईंनी जरा विचार केला. मग त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "नसंन ऐकलं तं नसंन. तू ऐकलं नं तिचं."

मी आजूबाजूला पाहिलं. एरवी भाषण संपायच्या आत घड्याळ बघणारे आमचे लोक, त्यांतलं कुणी हललं नाही. सर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते, लाज न बाळगता, साठीला आलेला माणूस. मलाही रडू आवरलं नाही. दरबार कसला असतो, सिंहासन कसलं असतं, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईसमोर उभं राहताना मला आपोआप पदर सारखा करावासा वाटला, आणि मी तर जीन्समध्ये होते.

आईंना पोचवायला म्हणून सर गेले आणि तिकडेच राहिले. नोकरी सोडल्याचं नंतर कळवलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चांगी विमानतळावर. मी काचेच्या अलीकडे, ते दोघे पलीकडे पासपोर्टच्या रांगेत. आई चाकाच्या खुर्चीत, सर वाकून त्यांच्या उजव्या कानात काहीतरी सांगत होते, आणि आईंची मान हलत होती. त्यांचा नंबर आला. आतल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना हाताने पुढे बोलावलं. सरांनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला, जरा थांबा म्हणून, आणि सांगतच राहिले. मला वाटलं, आता तो चिडणार. त्याने त्या म्हातारीकडे पाहिलं, हातातला शिक्का खाली ठेवला आणि सरांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबला.